पटकेटचे मॅककॉय मैदान

अमेरिकेच्या ईशान्येस ऱ्होड आयलंड हे त्या देशातील क्षेत्रफळाने सर्वांत लहान राज्य आहे. त्यातील पटकेट या गावाची ओळख दोन गोष्टींनी झाली. पहिली, 1793 मध्ये ब्लॅकस्टोन नदीकाठी उभी राहिलेली सॅम्युएल स्लेटरची सूतगिरणी. अमेरिकेतील यंत्रयुगाचा आरंभ तिच्यापासून मानतात व ती वास्तू आजही जतन केलेली आहे. दुसरी ओळख म्हणजे मॅककॉय स्टेडियम व तेथे खेळणारा ‘पॉसॉक्स’ हा बेसबॉल संघ. ही ओळख मात्र आता पुसली गेली आहे.

पॉसॉक्स हा दुय्यम श्रेणीतील, म्हणजे ‘मायनर लीग’मधील संघ होता. आपल्याकडील वाचकाला रणजी स्पर्धेची आठवण होईल. पण ती तुलना पुरती जुळत नाही. रणजीचा संघ आपल्या प्रांताचा असतो. मायनर लीगमधील खेळाडू मात्र वरच्या क्लबच्या पगारावर असतो. पटकेटच्या बाबतीत तो क्लब बोस्टन रेड सॉक्स हा होता. कोणाला वर बोलवायचे व कोणाला खाली धाडायचे, हे बोस्टन ठरवते. स्थानिक मालकाच्या हाती मैदान, तिकिटे आणि खाद्यपदार्थांची विक्री एवढेच राहते. चांगला खेळणारा निघून जातो आणि रेंगाळणारा मागे राहतो. अशा संघावर गावाने जीव लावावा, हेच नवल.

मैदानाची जन्मकथाही गमतीदार आहे. टॉमस मॅककॉय या महापौरांनी 1940 च्या सुमारास दलदलीच्या जागेत ते बांधावयास घेतले. भराव खचत गेला, खर्च दहा लाख डॉलरांच्या वर गेला आणि विरोधकांनी त्याला ‘मॅककॉयचा वेडेपणा’ असे नाव दिले. महापौरांच्या निधनानंतर 1946 मध्ये त्याच वेडेपणाला त्यांचे नाव देण्यात आले. येथील खेळाडूंची बसण्याची जागा प्रेक्षकांच्या सज्जाखाली होती, त्यामुळे हात पुढे करून स्वाक्षरी मागण्याची सोय नव्हती. मुलांनी त्यावर उपाय शोधला. दुधाचा प्लॅस्टिकचा डबा कापायचा, त्यात चेंडू व पेन ठेवायचे आणि दोरी बांधून तो खाली सोडायचा. खेळाडू सही करून चेंडू परत ठेवी आणि डबा वर ओढला जाई. विहिरीतून पाणी शेंदावे तसा हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालला.

1977 मध्ये संघ दिवाळखोरीत निघाला होता. तो बेन मॉन्डर यांनी घेतला. मूळचे क्वेबेकचे, फ्रेंच भाषिक घरातले हे गृहस्थ बुडीत कापडगिरण्या विकत घेऊन त्या मार्गी लावण्याच्या व्यवसायातून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी बुडीत संघालाही तीच रीत लावली. आधी मैदान स्वच्छ केले, तिकिटाचे दर गिरणीकामगाराच्या कुटुंबाला परवडतील असे ठेवले आणि मोटार उभी करण्यासाठी पैसे घेतले नाहीत. हिशेब साधा होता: कमी नफा, पण गर्दी कायमची. 2005 च्या हंगामात प्रेक्षकसंख्या सुमारे 6 लाख 88 हजारांवर पोहोचली. गावाची वस्ती सत्तर हजारांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

या मैदानावरील सर्वांत प्रसिद्ध सामना 18 एप्रिल 1981 च्या रात्री सुरू झाला. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. बरोबरी झाल्यास निकाल लागेपर्यंत खेळ चालू राहतो. रॉचेस्टरविरुद्धच्या या सामन्यात नवव्या डावाअखेर 1-1 अशी बरोबरी होती. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने आघाडी घेतली आणि वेड बॉग्जने ती लगेच फेडली. थंडी इतकी होती की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेक घेतला. रात्री अमुक वेळेनंतर खेळ थांबवावा, हा नेहमीचा नियम त्या वर्षीच्या पंचांच्या पुस्तकातून गळला होता, म्हणून पंचही थांबवेनात. अखेर लीगच्या अध्यक्षांशी दूरध्वनीवर संपर्क झाला आणि ईस्टरच्या पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी, बत्तीस डावांनंतर, 2-2 अशा स्थितीत खेळ थांबला. आरंभी 1,740 प्रेक्षक होते. शेवटी 19 उरले. त्या सर्वांना मॉन्डर यांनी हंगामाचे मोफत पास दिले.

उरलेला सामना 23 जूनला झाला. त्या वेळी वरच्या लीगमधील खेळाडू संपावर होते; त्यामुळे देशभरचे पत्रकार या छोट्या गावात लोटले. तेहेतिसाव्या डावात डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेट धावून आला आणि पटकेटने 3-2 असा विजय मिळवला. हे सारे अठरा मिनिटांत आटोपले. बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकेन हे पुढे या खेळाच्या कीर्तिमंदिरात गेले. कोझाला मात्र वरच्या लीगमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नाही. पटकेटमध्ये नाव कोझाचे अधिक प्रेमाने घेतले जाई.

2010 मध्ये मॉन्डर वारले. 2015 मध्ये संघ नव्या गुंतवणूकदारांकडे गेला आणि नव्या मैदानाची मागणी सुरू झाली. प्रथम शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरात नदीकाठी जाण्याचा बेत झाला. तो लोकांनी हाणून पाडला. मग पटकेटमध्येच 8 कोटी 30 लाख डॉलरची योजना निघाली: साडेचार कोटी संघाचे, 2 कोटी 30 लाख राज्याचे आणि दीड कोटी गावाचे. येथे राज्याचे हात पोळलेले होते. 2010 मध्ये कर्ट शिलिंग या बोस्टनच्याच माजी पिचरच्या व्हिडिओ गेम कंपनीच्या साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाला राज्याने हमी दिली होती आणि दोन वर्षांत ती कंपनी बुडाली होती. म्हणून 2018 च्या कायद्यात राज्याने रोख्यांची जोखीम स्वतःकडून काढून गुंतवणूकदारांवर टाकली. हमी गेली की व्याजदर चढतो. विधिमंडळाची सावधगिरी चुकीची म्हणता येणार नाही. मालकांचा हिशेबही आपल्या जागी होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघाने मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहराशी करार जाहीर केला. तेथील मैदानाचा खर्च पुढे 15 कोटी डॉलरच्या वर गेला, हे येथे नोंदवावेसे वाटते.

2020 चा हंगाम निरोपाचा ठरायचा होता. तो कोरोनाने रद्द केला. त्या उन्हाळ्यात संघाने मैदानातील हिरवळीवर अंतराअंतराने टेबले मांडून कुटुंबांना जेवणासाठी बोलावले. जेथे आजवर खेळाडूंचे पाय पडले, त्या गवतावर गावकरी बसून जेवले. शेवटचा सामना असा झालाच नाही.

मैदान काही वर्षे ओस पडले. 2022 मध्ये मतदारांनी त्या जागी नवी माध्यमिक शाळा बांधण्यासाठी कर्जरोख्यांना संमती दिली आणि 2025 मध्ये पाडकाम सुरू झाले. त्याच वर्षी गावात नदीकाठी फुटबॉलचे नवे स्टेडियम उघडले. त्यात सरकारी पैसाही आहे.