आधी धूळ काढा, मग हार घाला

रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. तिथल्या स्पंज आयर्नच्या भट्ट्यांवर आणि रोलिंग मिलवर इथली कितीतरी घरं चालतात, आणि त्यांचीच काळी धूळ आमच्या गच्च्यांवर बसते. मी वेल्डिंग मशीन दुरुस्त करतो, त्यामुळे मला ती सर्किट बोर्डावर भेटते. तिच्यात लोखंडाचे आणि कोळशाचे कण असतात. म्हणजे ही धूळ वीज वाहून नेते. घरच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर तिच्यात आणखी भर घालतो.

जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन हे सगळं वर्षानुवर्षं पचवायचं. आताचं छोटं इन्व्हर्टर मशीन नाजूक. त्याचा पंखा हवेबरोबर धूळ आत ओढतो, हीटसिंकच्या फटी बुजतात आणि आयजीबीटी (वीज चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) तापतात. पावसाळ्यात हीच धूळ ओलावा धरते आणि बोर्ड शॉर्ट होतो. त्यात आपला उन्हाळा! ड्यूटी सायकल सहसा ४० अंशांना मोजलेली असते. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की मशीनला तेवढा वेळही झेपत नाही. मग बुजलेल्या फटी कशा परवडणार?

सफाईसाठी कव्हर उघडण्याआधी प्लग काढून निदान दहा मिनिटं थांबा. कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असतो. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडा आणि कोरडी हवा बेताच्या दाबाने मारा. पंखा अडवून धरा. हवेच्या झोताने तो भरधाव फिरला तर बेअरिंग जातं.

‘आर्क धरत नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा मशीनबाहेर असतं. केबलच्या सैल लगमध्ये ओमचा शंभरावा भाग जरी रोध आला, तरी १२० अँपिअरला तिथे १४४ वॅट उष्णता निघते. लग आवळा, अर्थिंग क्लॅम्पचे जबडे घासून चकचकीत करा. ओलावलेले ७०१८ रॉड उन्हात टाकून भागत नाही. त्यांना ३०० अंशांच्या वरची भट्टी लागते.

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावू नका, आग भडकते. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या कामावर आर्क मारू नका. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

इथे १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा होते, आणि आपल्या मराठी घरांत खंडेनवमीला अवजारं पुजली जातात. पूजेच्या दिवशी मशीनच्या जाळीवर कुंकू-अक्षता टाकू नका, पंखा त्याही आत ओढतो. पूजा वर्षातून एकदा पुरते. रायपूरच्या हवेत सफाई मात्र दर तीन महिन्यांनी हवीच.