जामसावळीच्या दारात डॉक्टर हवा

वर्षानुवर्षं मी गावोगाव एकच सांगत आलो: माणसाचं डोकं फिरलं तर त्याला जामसावळीला नेऊ नका, नागपूरच्या मनोरुग्णालयात न्या. मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर तालुक्यात, जामसावळीच्या त्या निजलेल्या मारुतीपुढे, आरतीच्या वेळी केस सोडून घुमणाऱ्या बाया पाहिल्या की जीव तळमळायचा. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. तेव्हापासून तर अशी ठिकाणं बंदच व्हावीत, असं माझं ठाम मत होतं.

२०२० च्या मार्चअखेर, कोरोनाच्या टाळेबंदीत, ती बंद झाली. गाड्या, दारूची दुकानं आणि महाराष्ट्राची सीमाही बंद. आम्हा शिक्षकांना नाक्यांवर ड्यूटी लागली. मी सातनूरच्या नाक्यावर होतो.

एप्रिलमधल्या एका दुपारी जीपमधून संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करणारा माणूस आणला. हात दुपट्ट्याने बांधलेले, अंग घामाने निथळत होतं. बोटांनी तो हवेतून काहीतरी वेचायचा, न दिसणारे किडे अंगावरून झटकायचा. म्हातारी आई म्हणाली, "गुरुजी, याले बाहेरचं लागलं जी. जामसावळीचं दार बंद हाय. आता तुमीच सांगा, कुठं नेऊ याले?"

नागपूर, हे माझं नेहमीचं उत्तर. पण पुढे बॅरिकेड होतं आणि त्यांच्याकडे पास नव्हता.

तपासणीवरच्या डॉक्टरांनी आधी ताप पाहिला, बोटाला ऑक्सिमीटर लावलं. कोरोनात ऑक्सिजन उतरला तरी माणूस बरळतो. मग आईला विचारलं, "दारू कधीपासून मिळाली नाही?" रोजची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत असा भ्रम होतो, झटके येतात, वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. त्याला सरकारी दवाखान्यात हलवलं. थायमिनचं इंजेक्शन, सलाईन, शांत राहण्यासाठी लोराझेपाम. हे सगळं साध्या एमबीबीएस डॉक्टरांनी केलं. काही दिवसांनी तो आईला ओळखून भाकर मागू लागला.

ते डॉक्टर कायद्याच्या चौकटीतच वागले होते, हे मला नंतर कळलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ९४ सांगतं की रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, एवढंच. दवाखान्यातच आणलं पाहिजे असंही नाही, वस्तीतसुद्धा चालतं. विजेचे झटके मात्र या कलमाखाली देता येत नाहीत. आणि मी इतकी वर्षं लोकांना फक्त नागपूरचा रस्ता दाखवत होतो!

देऊळ बंद झालं म्हणून कोणी नागपूरला पोचलं नाही. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन यायचे: भावाच्या गोळ्यांची पत्ती संपली, तो रात्र रात्र झोपत नाही, मागच्या खोलीत खाटेला बांधून ठेवलाय. एरवी अशा घराला जामसावळीत निदान चार माणसं भेटत. कोणी जीप जमवून देई, कोणी आपल्या मुलाला कोणत्या डॉक्टरकडे गुण आला ते सांगे. देवळातल्या त्या गर्दीत इतकी माणुसकी आहे, हे ती गर्दी हटल्यावर मला दिसलं.

म्हणून आता मी देवळाविरुद्ध बोलत नाही, देवळात डॉक्टर बसवा म्हणतो. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात हे झालंय. तिथले मुजावरच रुग्णाला दुव्याबरोबर दवेकडेही पाठवतात. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. तेव्हा आता जिल्ह्याचं मानसिक आरोग्य पथक मागायचा आपला हक्क आहे. पथकाचं एक टेबल आरतीच्या वेळी जामसावळीला लागावं. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मंदिराच्या भिंतीवर ठळक रंगवावा. पांढुर्णा आणि सौंसरच्या सरकारी दवाखान्यांत थायमिन-लोराझेपामसारखी इंजेक्शनं रात्रीही मिळावीत, आणि ती कधी व कशी द्यायची हे ड्यूटीवरच्या प्रत्येक डॉक्टरला शिकवलेलं असावं. पुढची साथ आली आणि नाके पुन्हा बंद झाले, तर आपल्याकडे एवढंच असणार आहे.

बांधून ठेवण्याला माझा आजही तितकाच विरोध आहे. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतले मित्र म्हणतात, देवळात डॉक्टर बसवल्यानं अंधश्रद्धेला बळ मिळेल. थोडं मिळेलही. पण रात्री दहाला निघालेली जीप जामसावळीकडेच वळते, आणि आतल्या माणसाला इंजेक्शन त्याच रात्री लागतं.