अंगण वांकडें

आमच्या भाषेंतील म्हणी कोणीं रचल्या हें कोणास ठाऊक नाहीं. परंतु त्या रचणारांत वडील मंडळींचा भरणा अधिक असावा असा आमचा जुना संशय आहे. लहानांनीं कांहीं तक्रार करावी, कीं तिचें तोंड बंद करावयास एखादी म्हण तयारच असते. हीं शस्त्रें आम्हीं लहानपणीं अंगावर झेललीं, आणि पुढें वडीलपण आमच्याकडे आलें तेव्हां तींच मोठ्या आवडीनें दुसऱ्यांवर चालविलीं. त्यांतलें आमचें सर्वांत लाडकें शस्त्र म्हणजे 'नाचतां येईना, अंगण वांकडें' हें होय. गेल्या उन्हाळ्यांत तें आमच्यावरच उलटलें. ती हकीकत आज सांगावयाची आहे. तिच्यांत लोखंड आणि पाने पुष्कळ आहेत. वाचकांनीं तेवढें सोसून घ्यावें.

आम्ही गेलीं बावीस वर्षें अमेरिकेंतील ओहायो राज्यांत एका लहानशा महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. त्यापूर्वीं कांहीं वर्षें पुण्यास शिकवीत होतों. येथें आमच्या घराभोंवतीं अर्धा एकर जमीन आहे, आणि त्या सर्व जमिनीवर गवत आहे. सातारा जिल्ह्यांतील आमच्या घराचें अंगण शेणानें सारवलेलें असे; त्यांत गवताची काडी उगवली तर आजी ती उपटून टाकी. अंगणांत गवत माजणें हें घर ओस पडल्याचें लक्षण. गवत माळावर असावें, विळ्यानें कापावें आणि गुरांपुढें टाकावें. येथें न्याय उलटा आहे. गवत मुद्दाम पेरावयाचें, त्यास खत घालावयाचें, आणि तें वाढलें कीं कापून तेथेंच टाकावयाचें. तें ठराविक उंचीहून वाढूं दिलें तर पुष्कळ गांवांत नगरपालिकेची नोटीस येते. घरापुढच्या हिरवळीचा हा शौक मूळचा इंग्लंडचा. ग्लॉस्टरशायर परगण्यांत स्ट्राउड येथें एडविन बडिंग नांवाचा एक कारागीर होता. त्या भागांतील गिरण्यांत लोकरीच्या कापडावरील लव कातरून सारखी करणारें यंत्र असे. तें पाहून त्याला कल्पना सुचली, आणि 1830 सालीं त्यानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. जमीन हें कापड आणि गवत ही त्यावरची लव, अशी ती दृष्टि आहे. आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडून आलेले आम्हीही आतां त्याच दृष्टीनें शनिवारीं सकाळीं खिडकीबाहेर पाहतों.

बडिंगचें यंत्र ढकलावें लागे. आमचें यंत्र बसून चालवावयाचें आहे. चार चाकें, एक आसन, एक एंजिन, आणि पोटाखालीं टांगलेली पत्र्याची एक मोठी उलटी परात. या परातीस 'डेक' म्हणतात. आमच्या डेकची रुंदी 42 इंच आहे, आणि त्याच्या आंत दोन पातीं आडवीं फिरतात. येथील सुरक्षेच्या मानकाप्रमाणें पात्याच्या टोंकाचा वेग मिनिटास 19,000 फुटांहून अधिक असतां कामा नये. म्हणजे ताशीं सुमारें 216 मैल ही मर्यादा. मर्यादाच जेथें एवढी, तेथें सावधगिरी किती हवी हें सांगावयास नको. सोळा वर्षांखालील मुलानें असलें यंत्र चालवूं नये, असा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला आहे. तो आम्हीं पाळला. मुलाला सोळा वर्षें पुरीं झालीं तेव्हां किल्ली त्याच्या हातीं दिली, आणि तेव्हांपासून शनिवारचें गवत त्याच्याकडे आलें.

गेल्या मे महिन्यांत तो अठरा वर्षांचा झाला. ऑगस्टमध्यें तो शिक्षणासाठीं दूरच्या गांवीं जावयाचा होता. त्याच सुमारास आमच्या हिरवळीवर पायऱ्या दिसूं लागल्या. यंत्राच्या प्रत्येक पट्ट्याची डावी कड खरवडल्यासारखी बोडकी आणि उजवी कड झिपरी. नवशिक्या न्हाव्यानें डोकें भादरावें तशी शोभा. आम्हीं मुलाला बोलावून जाब विचारला. तो म्हणाला, "बाबा, डेक वांकडा आहे."

आम्ही हंसलों, आणि आमची म्हण त्याला ऐकविली. तो घरीं मराठी बोलतो, परंतु ही म्हण त्याला ठाऊक नव्हती. तेव्हां आम्हीं ती त्याला फोड करून समजावून दिली. आधीं अपमान करावा आणि मग त्याचा अर्थही सांगावा, असा तो प्रकार झाला. तो कांहीं बोलला नाहीं. पुढचे दोन शनिवार त्यानें मुकाट्यानें गवत कापलें. पायऱ्या तशाच राहिल्या. तिसऱ्या शनिवारीं सकाळीं आम्ही चहाला बसलों, तों यंत्राची किल्ली आमच्या बशीशेजारीं ठेवलेली दिसली. आमच्या पत्नीनें ती पाहिली, आमच्याकडे पाहिलें, आणि ती आंत निघून गेली.

त्या दिवशीं आम्हीं स्वतः गवत कापलें. कसें कापावें याचा वस्तुपाठ द्यावयाचा म्हणून अगदीं सावकाश, कुंपणाची रेषा धरून कापलें. खालीं उतरून पाहतों तों पायऱ्या! मनांत म्हटलें, सवय सुटली आहे. पुढच्या आठवड्यास अधिक काळजी घेतली, पायऱ्या होत्याच. यंत्रांत कांहीं दोष असेल हा विचार आमच्या मनांत यावयास तीन शनिवार लागले. आणि तो आला तो मुलगा तसें म्हणाला होता म्हणून नव्हे. आसनावर आतां आम्ही स्वतः होतों म्हणून. नाचणारा बदलला तेव्हां कोठें अंगणाची चौकशी सुरू झाली.

चौकशी अर्थात् गुपचूप. मुलगा घरीं नाहीं असें पाहून आम्ही पाना घेऊन गॅरेजमध्यें गेलों. डावी बाजू खालीं बसली आहे हें दिसतच होतें. डेक ज्या दांडीस टांगलेला असतो तिचा डावीकडील नट फिरवून आम्हीं ती बाजू वर उचलली. पायऱ्या पुष्कळ कमी झाल्या, आणि पन्नाशीनंतरही आपल्याला नवी विद्या साधते म्हणून आम्हांस धन्य वाटलें.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. ते तरुणपणीं अक्रन येथील टायरच्या कारखान्यांत कामाला होते. अक्रन त्या काळीं रबराची राजधानी म्हणून जगभर ओळखलें जाई. ते आमची शिडी परत करावयास आले असतां आम्हीं आपला पराक्रम त्यांना दाखविला. त्यांनीं डेककडे पाहिलेंही नाहीं. "चाकांतली हवा पाहिलीत का?" एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्ही म्हणालों, दोष डेकमध्यें आहे, चाकांत नाहीं. ते घरीं जाऊन हवेचें माप घेऊन आले. पुस्तिकेप्रमाणें आमच्या यंत्राच्या पुढच्या चाकांत 14 पौंड आणि मागच्या चाकांत 10 पौंड हवा पाहिजे. मागच्या डाव्या चाकांत चार पौंडही निघाली नाहीं.

मग त्यांनीं जें सांगितलें तें कोणासही कळण्यासारखें आहे. डेक टांगलेला असतो सांगाड्याला; सांगाडा उभा असतो चाकांवर. एक चाक बसलें कीं सांगाडा त्या अंगास कलतो, आणि डेकही त्याच्याबरोबर कलतो. डेकचा स्वतःचा यांत कांहीं अपराध नव्हता. आम्हीं कललेल्या पायावर त्याला सरळ केला, म्हणजे सरळ होता तो वांकडा केला. चाकांत हवा भरतांच उजवी बाजू खालीं आली. एक चूक झांकण्यासाठीं दुसरी चूक तिला बेतून शिवावी, तसें तें काम झालें होतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, हें सांगावयास लाज वाटते; कारण निमित्त चाकांतल्या हवेचें होतें. आमच्या मनांत प्रथम आलें तें असें, कीं मुलाचेंही निदान कोठें बरोबर होतें? तो म्हणाला डेक वांकडा. दोष निघाला चाकाचा. पण ही पळवाट आम्हांस फार वेळ आसरा देईना. त्याची तक्रार खरी होती; निदान चुकलें होतें एवढेंच. आणि निदान करणें हें त्याचें काम तरी कोठें होतें? ज्याच्या पोटांत दुखतें त्यानें दुखतें म्हणून सांगावें. कां दुखतें हें शोधावयास वैद्य असतो. आम्ही मात्र जन्मभर अशी अट घालीत आलों, कीं ज्याला तक्रार करावयाची त्यानें तिचें अचूक कारणही सांगितलें पाहिजे. नाहीं तर तक्रार खोटी. आमची लाडकी म्हण याच अटीवर उभी आहे. अंगण खरोखर वांकडें असूं शकतें, ही शक्यताच ती विचारांत घेत नाहीं.

पुण्याच्या दिवसांतला एक विद्यार्थी त्या रात्रीं आठवला. मागच्या बांकावर बसे. एके दिवशीं उभा राहून तो म्हणाला, कीं ही कविता फार अवघड आहे, कांहीं समजत नाहीं. आम्हीं तत्काळ म्हण म्हटली. सारा वर्ग हंसला. तोही हंसल्यासारखें करून खालीं बसला. वर्ष संपेपर्यंत त्यानें पुन्हां तोंड उघडलें नाहीं. कविता अवघड नव्हती. म्हणजे निदान त्याचेंही चुकलेंच होतें. पुढें कांहीं वर्षांनीं त्या व्याख्यानाचीं आमचीं टिपणें हातीं लागलीं, तेव्हां तीं आमचीं आम्हांसच नीट उलगडेनात. त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांपुढें आहे. नांव आठवत नाहीं, त्यामुळें त्याला पत्रही लिहितां येत नाहीं.

परंतु दुसरा मुलगा वरच्या मजल्यावर झोंपलेला होता, आणि त्याला जावयास पांच आठवडे उरले होते. दुसरे दिवशीं आम्हीं त्याच्या खोलीच्या दारांत उभें राहून म्हटलें, "डेक सारखा करावयाचा आहे. एकट्याला जमत नाहीं." तो उठून खालीं आला.

प्रथम किल्ली काढून घेतली आणि स्पार्क प्लगची तार सोडून बाजूस केली, म्हणजे चुकूनही एंजिन सुरू होऊं नये. हातांत जाड मोजे घातले. मग डेक सोडवून यंत्राखालून ओढून काढला आणि उलटा केला. आंत ओल्या गवताचे थरावर थर वाळून बसले होते. पातें फिरतांना आंत वारा उठावा, त्यानें गवत ताठ उभें राहावें आणि मग कापलें जावें, अशी मूळ योजना असते. थर बसले कीं वाऱ्यास वाट राहात नाहीं. मुलानें ते लाकडी पट्टीनें खरवडून काढले. पातीं आम्हीं काढलीं. त्यांची धार बोथटली होती. बोथट पातें गवत कापीत नाहीं, फाडतें; आणि फाटलेलें टोंक दोन दिवसांत पांढुरकें पडतें. कानशीनें धार लावतांना मूळचा कोन, सुमारें 30 अंशांचा, सांभाळावा लागतो. मग पात्याच्या मधल्या भोंकांतून तें खिळ्यावर अडकवून पाहावयाचें. जड बाजू खालीं जाते. ती थोडी थोडी घासावयाची, आणि पातें आडवें स्थिर राहिलें म्हणजे थांबावयाचें. न तोललेलें पातें सारें यंत्र थरथरवून सोडतें. बसवितांना त्याचा वळलेला पंख वरच्या अंगास येईल हें पाहावयाचें.

मग मोजणी. सपाट सिमेंटच्या जमिनीवर यंत्र उभें केलें, चारही चाकांतली हवा मोजली, आणि डेक कापण्याच्या उंचीवर आणला. आधीं पातीं आडवीं फिरवून दोन्हीं बाजूंच्या टोंकांचें जमिनीपासून अंतर पाहावयाचें; त्यांत अष्टमांश इंचाहून अधिक फरक नसावा. आमच्याकडचे सुतार या अष्टमांश इंचास 'सूत' म्हणतात. हा शब्द मुलाला नवा होता. तो आम्हीं समजावून दिला. या वेळच्या समजावण्यांत बोंचणारें कांहीं नव्हतें. त्यानें तो दोनतीनदां उच्चारून पाहिला.

बाजू सारख्या झाल्यावर पातीं लांबीच्या दिशेनें फिरवावयाचीं. येथें मात्र समता नको असते. पुढचें टोंक मागच्यापेक्षां एक ते तीन सूत खालीं पाहिजे. म्हणजे पुढें एकदां कापलेल्या गवतावरून मागचें टोंक घांसत जात नाहीं आणि एंजिनावर फुकटचा भार पडत नाहीं. आम्ही पाना धरून गुडघ्यांवर बसलों होतों. मुलगा जमिनीवर पालथा पडून, गाल सिमेंटला टेकून, टेप वाचीत होता. त्याचें तोंड आम्हांस दिसत नव्हतें. त्यामुळें बोलणें सोपें गेलें.

आम्ही म्हणालों, "अंगणच वांकडें होतें रे."

थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "हो." आणि लगेच, "बाबा, पुढची बाजू अजून एक सूत वर आहे."

आम्हांस वरून तें बरोबर दिसत होतें. आम्हीं टेप मागितली नाहीं; नट फिरविला.