‘र’ची चार रूपं आणि आर्वीचा एक प्रोग्रामर

परवा शाळा सुटताना नववीतल्या एका मुलीचे अब्बा भेटायला आले. जिनिंगमध्ये कामाला आहेत, अंगावरच्या कपड्यांना कापसाचे तंतू तसेच चिकटलेले होते. बसा म्हटलं तर बसेनात. उभ्यानेच म्हणाले, “मॅडम, पोरगी म्हणते कम्प्युटरवर चित्रं बनवायला शिकणार. ग्राफिक्स का काय ते. त्यात रोजी-रोटी आहे का? नसेल तर बारावीनंतर सरळ डी.एड.ला टाकतो.” आमचं बोलणं अर्थातच आमच्या आर्वीच्या उर्दूत झालं, इथे ते मराठीत लिहिते आहे.

मी लगेच उत्तर दिलं नाही. “दोन दिवसांनी या, मुलीलाही घेऊन या,” एवढंच म्हणाले. कारण असाच प्रश्न घेऊन 2009 साली दुसरे एक अब्बा माझ्याकडे आले होते आणि तेव्हा मी क्षणात उत्तर दिलं होतं. ते चुकीचं होतं.

त्या मुलाचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या वडिलांचं दुचाकी दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवायचे, अजूनही शिकवते. आमच्या मुलांना मराठीत सर्वात जास्त छळतो तो ‘र’. कर्म लिहिताना तो डोक्यावर बसतो, प्रकाश लिहिताना पायाशी तिरपी रेघ होतो, ट्रक लिहिताना काकपदासारखा खाली लटकतो आणि दऱ्या लिहिताना आडवा होऊन चिकटतो. आठवीत हा धडा चालू असताना तो मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, उर्दूतही हर्फ आपला चेहरा बदलतो. पण तो शेजारी कोण बसलंय ते पाहून बदलतो. मराठीतला र कोणाला पाहून बदलतो?”

बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ जा. ते पोरगं नेमकं तेच करत होतं. उर्दूचं जे माहीत होतं, त्यावरून मराठीचं शोधत होतं. आणि मी काय म्हणाले? “परीक्षेत हे विचारत नाहीत. चारही रूपं पाठ कर.” वर त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर काढलेली चित्रं पाहून दोन शब्द सुनावलेही. उर्दू अक्षरांना चाकं लावून त्याने मोटारसायकली बनवल्या होत्या.

दहावीनंतर तो बसस्टँडकडच्या एका फ्लेक्स आणि पत्रिका छापण्याच्या दुकानात कामाला लागला. त्याचे अब्बा विचारायला आले तेव्हा मी सांगितलं, “हे चित्राचं खूळ सोडायला लावा. आय.टी.आय.ला घाला. फ्लेक्सच्या दुकानात कोणाचं भलं झालंय?” मुलाने ऐकलं नाही. सकाळी अकरावी सायन्सचं कॉलेज, दुपारनंतर दुकान. बरं झालं, ऐकलं नाही.

आर्वीत फ्लेक्सच्या दुकानाला काम कमी नसतं. वाढदिवस, श्रद्धांजली, निवडणूक, हजला जाणाऱ्यांच्या शुभेच्छा. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये या गावाबद्दल एक गमतीदार नोंद आहे. ज्यांच्या नावाने गावाला आर्वी तेलंगराव म्हणत, त्या तेलंगरावांना हिंदू ब्राह्मण म्हणत आणि मुसलमान मुसलमान म्हणत, आणि त्यांच्या समाधीला दोघेही जात. अशा गावात फ्लेक्सवाल्याला दोन्ही लिप्या सांभाळाव्या लागतात. मराठी एका सॉफ्टवेअरमध्ये, उर्दू इनपेजमध्ये, आणि शेवटी सगळं कोरलड्रॉमध्ये आणून जुळवायचं.

एकदा एका निकाहच्या पत्रिकेत घोळ झाला. उर्दू मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना अक्षरं सुटी झाली आणि उलट दिशेने लागली. ‘मुबारक’चा प्रत्येक हर्फ वेगळा उभा, तोही डावीकडून उजवीकडे. उर्दू न वाचणाऱ्या कारागिराला ते कळलं नाही, आणि आमचा हिरो त्या दिवशी घाईत होता. दोनशे पत्रिका छापून झाल्या. मालकाने पैसे त्याच्या पगारातून कापले.

दुसरा कोणी असता तर मालकाला शिव्या देऊन विसरला असता. याच्या डोक्यात मात्र प्रश्न बसला. माणसाच्या हाताला जे आपोआप येतं, ते मशीनला का येत नाही?

याचं उत्तर त्याने पुढे अनेक वर्षांत गोळा केलं आणि मला तुकड्या-तुकड्यांनी फोनवर सांगितलं. मी माझ्या भाषेत मांडते. कम्प्युटर अक्षर साठवतो तो फक्त एका आकड्याच्या रूपात. ते पडद्यावर दिसतं ते चित्र असतं. कोणत्या आकड्यांच्या शेजारी कोणते आकडे आले तर कोणतं चित्र काढायचं, हे कोणीतरी बसून नियमांनी लिहावं लागतं. उर्दूत एकाच हर्फाची चार रूपं होऊ शकतात, एकटा, सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा. हे नियम माहीत नसलेला प्रोग्राम सगळ्यांना एकटंच उभं करतो. आमच्या पत्रिकेचं तेच झालं होतं.

आणि मराठीचा र? त्याचंही उत्तर तिथेच होतं. कम्प्युटरमध्ये कर्म लिहिलं जातं ते क, र, हलन्त, म असं. र नंतर हलन्त आला म्हणजे र अर्धा, तो डोक्यावर जातो. प्रकाशमध्ये हलन्त र च्या आधी येतो. तिथे प अर्धा आणि र पूर्ण, म्हणून तो पायाशी जातो. ट ला उभा दांडा नाही, म्हणून तिथे त्याच पूर्ण र ला वेगळं रूप घ्यावं लागतं. आठवीतल्या पोराला हे पाच मिनिटांत सांगता आलं असतं. माझ्या विद्यार्थ्याने ते मला सांगितलं तेव्हा मला शिकवायला लागून बारा-तेरा वर्षं झाली होती.

हे नियम लिहिणारी माणसंही आपल्याच देशातली. आयआयटी कानपूरमध्ये 1980च्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट हे तंत्र उभं केलं. त्याच्या लांबलचक नावातला पहिला शब्दच ‘ग्राफिक्स’ आहे. पुढे हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. 1988 साली सुरू झालेल्या या संस्थेचे संस्थापक संचालक विजय भटकर, आपल्याच विदर्भातल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. विंडोजमध्ये मराठी वाचताना वर्षानुवर्षं जो मंगल फॉन्ट आपण पाहिला, तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केला. सुलेखनकार आणि प्रोग्रामर शेजारी बसल्याशिवाय ते काम होणारं नव्हतं. उर्दूकडे पाहिलं तर पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरं हाताने लिहून काढली आणि त्यातून 1981 साली नूरी नस्तालीक आला. आमच्या पत्रिका ज्यावर छापतात ते इनपेज 1994 साली दिल्लीच्या कंपनीने बनवलं.

तर आमचा मुलगा. बारावीला गुण बरे होते, पण इंजिनिअरिंगची फी झेपणारी नव्हती. अमरावतीला बी.सी.ए.ला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाची फी दुकानातल्या मजुरीतून आणि अम्मीच्या कानातल्या झुमक्यांतून आली. कॉलेजात जुनंच टर्बो सी शिकवायचे. त्यात चार ओळी लिहिल्या की पडद्यावर वर्तुळ येतं. वर्गातल्या बाकीच्यांनी वर्तुळ काढून वही बंद केली. याने त्या वर्तुळाला आरे लावले आणि चाक फिरवायचा प्रयत्न केला. फिरवायला साइन-कोसाइन लागलं, मग मॅट्रिक्स लागलं. रात्री फोन आला, “मॅडम, बारावीत मॅट्रिक्स का शिकवतात ते आज कळलं!”

फ्लेक्सच्या दुकानातलं शिक्षणही वाया गेलं नव्हतं. तिथे पोरं म्हणतात, मोबाईलचा फोटो वीस फुटांवर नेला की ‘फाटतो’, पण अक्षर फाटत नाही. का? फोटो ठिपक्यांचा असतो आणि अक्षराची कड गणिताच्या वक्ररेषेने बांधलेली असते. या वक्ररेषा रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांच्या नावाने ओळखल्या जातात. 1960च्या दशकात गाड्यांचे पत्रे घडवण्यासाठी त्यांनी त्या वापरल्या. तीच रेषा आज आपल्या नस्तालीकला वळण देते. हे ऐकून मला त्याच्या वहीतल्या, अक्षरांना चाकं लावलेल्या मोटारसायकली आठवल्या. गप्प बसले.

अमरावतीनंतर पुण्यात एम.सी.ए. आर्वीहून बसने पुलगाव, तिथून रेल्वे. आमची आर्वी-पुलगाव छोटी गाडी कधीच बंद पडली आहे. नोकरी लगेच लागली, असं मी सांगणार नाही. मुलाखतीत इंग्रजीत अडखळायचा. पहिलं काम मिळालं ते दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं. दोन-अडीच वर्षं तेच केलं आणि रात्री खोलीवर स्वतःचं शिकत राहिला. ब्लेंडर नावाचं त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याचं आतलं सगळं लिखाणही वाचायला खुलं आहे. जगभरच्या वापरकर्त्यांनी 2002 साली एक लाख युरो जमवून ते खुलं करून घेतलं होतं. त्याने ते आधी वापरलं, मग वाचलं. आज तो मशीनचे सुटे भाग पडद्यावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. इंजिनिअर भाग फिरवून, कापून, आतून पाहतो, ते दिसण्यामागचं गणित हा लिहितो. साध्या पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात, आणि सेकंदाला 60 वेळा त्या प्रत्येकाचा रंग ठरवावा लागतो. दुचाकी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा शेवटी मशीनच्या भागांकडेच आला, फक्त वेगळ्या दाराने.

हा रस्ता किती लांब जातो ते पाहायचं तर नाशिकचे रमेश रासकर आहेत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. ‘ज्युरासिक पार्क’ सिनेमातले डायनासोर पाहून ते कम्प्युटर ग्राफिक्सकडे वळले. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात पीएच.डी., मग एका प्रयोगशाळेत संशोधन आणि 2008पासून एमआयटी. प्रकाश पुढे सरकताना टिपणारा कॅमेरा त्यांच्या गटाने बनवला, आणि मोबाईलला छोटं भिंग लावून चष्म्याचा नंबर काढायची युक्तीही. डायनासोरपासून निघालेला माणूस गरिबाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचला.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायची आहे, रागावू नका. जलशांमध्ये आपण अभिमानाने सांगतो की अल्गोरिदम हा शब्द अल-ख्वारिझमींच्या नावावरून आला, अल्जिब्रा त्यांच्या ग्रंथाच्या नावातून आला, आणि प्रकाशशास्त्राचा पाया इब्न अल-हैथमांनी घातला. खरंच आहे. पण त्याच जलशाचा फ्लेक्स बनवणाऱ्या पोराला आपण कधी विचारलं का, की बाबा, तुला पुढे शिकायचंय का? त्याच्या अम्मीचे झुमके विकले गेले तेव्हा मोहल्ल्यात कोणाला पत्ता होता? मलाही नव्हता.

मागच्या ईदला तो घरी आला. शीरखुर्मा झाल्यावर मी म्हणाले, “बेटा, तुझ्या त्या र च्या प्रश्नाला मी टाळलं होतं. तुझ्या अब्बांनाही चुकीचं सांगितलं होतं.” तो गोंधळला. त्याला ते आठवतच नव्हतं. त्याला दोनशे पत्रिका आठवत होत्या. मुलं विसरतात. आपण विसरू नये.

दोन दिवसांनी ते अब्बा मुलीला घेऊन आले. मी त्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याने काहीच सजवून सांगितलं नाही. “चाचा, यात दोन रस्ते आहेत. एक चित्र काढणाऱ्याचा, एक चित्र काढायची अवजारं बनवणाऱ्याचा. दुसऱ्यासाठी गणित सोडून चालणार नाही. कर्ज काढून महागडा कोर्स लावू नका, सुरुवातीचं सगळं फुकट शिकता येतं. आणि नोकरीची हमी मी देत नाही. आता एआय क्षणात चित्र काढून देतं, प्रोग्रामही लिहून देतं. माझीच धास्ती वाढली आहे. पण आत काय चाललंय ते ज्याला कळतं, तो निदान मशीनची चूक पकडू शकतो.”

मग मुलीला विचारलं, “गणित आवडतं का?”

ती हळूच म्हणाली, “भूमिती आवडते. बीजगणित नाही.”

तो हसला. “मलाही नव्हतं आवडत. चाक फिरवायचं होतं म्हणून शिकलो.”

अब्बांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. “बघू” म्हणाले. जाता जाता दारात थांबून विचारलं, “मॅडम, शाळेत ती कम्प्युटरची खोली आहे ना? ती उघडते कधी?”

ती खोली बहुतेक वेळ बंदच असते. मुलं मोडतोड करतील, या भीतीने तिला कुलूप लावायच्या बाजूने मीही एकदा बोलले होते. सोमवारपासून तिची किल्ली मी माझ्याकडे मागून घेतली आहे. शाळा सुटल्यावर तासभर उघडी राहील.