घंटा गेल्या, जपमाळ राहिली

वसई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे चिमाजी आप्पा उभे राहतात, हो ना? शाळेत आपण सगळ्याच तो धडा शिकलो. मी अर्धवेळ शिक्षिका आहे, मुलांना तो धडा मीही रंगवून सांगते. पण माझं माहेर वसईचं आणि आम्ही कॅथलिक. त्यामुळे त्या धड्यानंतर काय झालं, ते मला घरातच ऐकायला मिळालं. ते पुस्तकात नाही, म्हणून आज तुम्हाला सांगते.

मी राहते कुडव्याला. गोंदिया शहराला अगदी खेटून असलेलं हे गाव. आजूबाजूला धानाची शेतं, पावसाळ्यात बांधापर्यंत भरलेलं पाणी. लग्न होऊन आले तेव्हा समुद्र नाही म्हणून रडले होते, आता धान निसवल्याचा वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं! आमच्यासारखी ख्रिस्ती घरं इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रेल्वेच्या नोकरीमुळे सासरे इथे आले आणि इथलेच झाले.

2021 च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्या दिवसांत कोणाच्या घरी काय झालं ते वेगळं सांगायला नको. ना मिस्सा, ना शेवटचं दर्शन. चार माणसांत मातीत ठेवलं. त्या रात्री सासूबाईंनी आपली जपमाळ डब्यात घालून कपाटात ठेवली. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ती त्यांच्या हातात असे. मी काही विचारलं नाही. विचारायचं तरी काय? त्यांनी देवाजवळ एकच मागितलं होतं आणि तेच मिळालं नव्हतं.

पुढे गाड्या सुरळीत झाल्या, तसं मी त्यांना म्हटलं, “आई, चला माझ्या माहेरी.” नाही नाही म्हणता तयार झाल्या. दुपारी गोंदियाला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो, सकाळी दादरला उतरलो, विरार लोकलने वसई रोड. स्टेशनाबाहेर इमारतींचं जंगल बघून सासूबाई म्हणाल्या, “हेच का तुझं हिरवं माहेर?” पण वसई गावाकडे रिक्षा वळली, केळीच्या बागा आणि विहिरी दिसू लागल्या, तशा त्या गप्प बसून बघत राहिल्या. ही उरलीसुरली हिरवाई आपोआप राहिलेली नाही बरं का! 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीची माणसं त्यासाठी रस्त्यावर उतरली. हेच फादर पुढे 2020 साली धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 च्या जुलैमध्ये ते गेले.

दुसऱ्या दिवशी किल्ल्यात गेलो. सकाळी लवकर जावं, उन्हं चढली की दगड तापतात. 1534 पासून 1739 पर्यंत हे पोर्तुगीजांचं श्रीमंत शहर होतं. आज आत छप्पर उडालेली चर्चेस, भिंतींतून उगवलेले पिंपळ, पायाखाली जुन्या थडग्यांचे कोरीव दगड. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा मात्र अजून उभा आहे. सासूबाई एका मोडक्या कमानीखाली बसल्या आणि म्हणाल्या, “देवाचं घरसुद्धा पडतंच की.” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा होता, पण इतक्या दिवसांनी त्या देवाबद्दल काही बोलल्या होत्या.

1739 च्या मे महिन्यात किल्ला पडला. पोर्तुगीज घराणी आणि त्यांचे पाद्री निघून गेले. चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या तुम्ही पाहिल्याही असतील. मला त्याचं वैषम्य नाही. पोर्तुगीजांनीही देवळं पाडली होती, आमच्या पूर्वजांतले सगळेच काही स्वखुशीने ख्रिस्ती झाले नव्हते. खरं ते खरंच.

पण मागे राहिली ती इथली साधी माणसं: शेतकरी, कोळी, बागायतदार. तहात त्यांना धर्म पाळायची मोकळीक होती, जुलूम झाला असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी धर्म दिला तेच निघून गेले होते. गोव्याकडचे मोजके देशी पाद्री गावोगाव जाऊन येऊन असत. अशा वेळी धर्म सोडून देणं किती सोपं होतं! तरी तो राहिला. कोणी राखला? माझं मत विचाराल तर चुलीपाशी बसणाऱ्या बायकांनी. लेकराला निजवताना नमो मरिया म्हणणारी आई, दिवा लागला की साऱ्यांना गोळा करणारी आजी. त्यांची नावं कुठल्या कागदात सापडायची नाहीत.

आणि प्रार्थना आपल्या भाषेत असली की ती लवकर विसरत नाही. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेजुइटाने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. 1784 साली टिपू सुलतानाने मंगळूरकडच्या हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं. 1799 साली टिपू पडेपर्यंत ते तिथे अडकले. त्या काळात याच पुराणाने त्यांना धीर दिला, असं सांगतात.

वसईचा स्वतःचा संतही आहे. गोन्सालो गार्सिया, आई इथलीच, वडील पोर्तुगीज. जेजुइट व्हायचं त्याच्या मनात होतं, ते जमलं नाही. व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. 5 फेब्रुवारी 1597 ला जपानमध्ये नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारलं. 1862 साली तो संत ठरला, भारतातला पहिला. त्याच नागासाकीच्या परिसरात धर्मावर बंदी आली, पाद्री उरले नाहीत, तरी लोकांनी अडीचशे वर्षं घराघरांत लपून प्रार्थना जपली. 1865 साली नवं चर्च उभं राहिलं, तेव्हा काही खेडूत आले आणि त्यांच्यातल्या एका बाईने फ्रेंच पाद्रीला हळूच विचारलं, मरियेची मूर्ती कुठे आहे? मी सासूबाईंना ही गोष्ट किल्ल्यातच सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, “अडीचशे वर्षं? त्यांच्याकडे तर पुस्तकही नसेल.”

संध्याकाळी आमच्या मावशीकडे गेलो. मावशी ऐंशीच्या पुढच्या, लाल लुगडं नेसणाऱ्या पिढीतल्या. बोलणं सगळं सामवेदी, सासूबाईंना निम्मंच कळे. दिवेलागणीला मावशीने पोरांना हाक मारली, टीव्ही बंद करायला लावला आणि माळ सुरू केली. आमच्याकडे अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. मावशीचा स्वयंपाकघरातला कुकर शिट्ट्या देत होता, नातू चुळबुळ करत होता. तिसऱ्या दशकाला माझ्या शेजारून आवाज आला. सासूबाई उत्तरं देत होत्या. हातात माळ नव्हती, बोटांच्या पेरांवर मोजत होत्या.

नंतर मावशीनेच त्यांना विचारलं, “देवावर रुसलात का?” सासूबाई म्हणाल्या, “रुसलेय.” मावशी हसून म्हणाल्या, “मग रुसूनच म्हणायचं. मी दोन मुलगे पुरले, त्या वर्षी तर भांडत म्हणत होते.” आणि त्यांच्या ताटात आणखी एक फुगा वाढला.

कुडव्याला परतल्यावर कपाटातला तो डबा तसाच होता, आजही तिथेच आहे. सासूबाई संध्याकाळी ओट्यावर बसून पेरांवरच मोजतात. कधी दोन दशकं, कधी पाच, कधी काहीच नाही. शेजारच्या काकू तुळशीला दिवा लावून आल्या की त्यांच्याजवळ टेकतात, दोघी मग धानाच्या भावाविषयी बोलतात.

तुम्हाला वसईला जायचं असेल तर नाताळच्या आगेमागे जा, हवा छान असते. किल्ल्यात पाण्याची बाटली न्या, पायात चांगली चप्पल घाला. पापडीच्या कृपामातेच्या चर्चलाही डोकावून या. बाजारात सुकेळी मिळाली तर नक्की घ्या. राजेळी केळ्यांची ही वाळवण प्रवासात चांगली टिकते, आमच्याकडे गोंदियापर्यंत तर व्यवस्थित आली.