नुनावुतची दैनंदिनी : किन्गाइतचे दगडी पक्षी

८ जुलै, किन्गाइत
कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातल्या इकालुइतहून सकाळी निघणारं विमान धुक्यामुळे दुपारी सुटलं. बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या एका छोट्या बेटावरचं हे गाव २०२० पर्यंत केप डॉर्सेट म्हणून ओळखलं जायचं. झाड एकही नाही, दगड मात्र हवा तेवढा. रात्री दहाला भरपूर उजेड होता आणि कुठूनतरी ग्राइंडरची घरघर येत होती.

९ जुलै
सकाळभर एका वयस्क इनुइट मूर्तिकारांच्या अंगणात बसलो. धूळ घातक असल्यामुळे काम उघड्यावर, तोंडाला मास्क लावून चालतं. हिरवट सर्पेंटाइन इथे जास्त वापरतात. तो संगजिऱ्याहून कठीण, पण झिलई सुरेख घेतो. आजोबांनी आधी कुऱ्हाडीच्या पाठीने दगड ठोकून पाहिला. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर. मग ग्राइंडर, कानस आणि शेवटी पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर.

ते घडवत असलेल्या बदकाची मान मागे वळवून पंखांवर टेकवलेली होती. कारण विचारलं, तर नातीने त्यांचं उत्तर इंग्रजीत सांगितलं : “झोपलेलं बदक असंच बसतं. शिवाय मान मोडत नाही.”

१० जुलै
आज सहकारी संस्थेत गेलो. साखर कारखान्यांच्या राज्यातून आलेल्या मला इथे १९५९ पासून मूर्तींचा आणि चित्रांचा सहकार चालतो, याचं फार अप्रूप वाटलं. पूर्वी दगडाचे दिवे व्हायचे आणि वॉलरसच्या सुळ्यांची छोटी कोरीवकामं. मोठ्या मूर्ती अलीकडच्या. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन हा तरुण चित्रकार हडसन उपसागराकाठी इनुकजुआकला आला. त्याने तिथून नेलेल्या कोरीव वस्तू १९४९ मध्ये मॉन्ट्रियलला हातोहात खपल्या. कोल्ह्याच्या कातड्याचा भाव कोसळला होता, त्यामुळे शिकाऱ्यांना हा नवा रोजगार मिळाला. नकली माल येऊ लागल्यावर १९५८ मध्ये कॅनडा सरकारने इग्लूच्या चित्राचा शिक्का आणला. २०१७ पासून तो इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आहे.

११ जुलै
आजचा दिवस फोटो आणि पुस्तकं चाळण्यात गेला. इथलेच मूर्तिकार पाउटा साइला यांचं अस्वल एका पायावर नाचतं. इथल्याच ओसुइतोक इपीली यांचं कॅरिबू इतक्या बारीक पायांवर उभं, की पाहणाऱ्यानेच श्वास रोखावा. दोघेही शिकारी. जनावर वळताना भार कुठल्या पायावर टाकतं, हे ज्याला नेम धरताना कळावं लागतं, त्याला दगडाचा तोल वेगळा शिकवावा लागत नाही. बाजार सत्तरएक वर्षांचा असेल, नजर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची. ‘आदिम कला’ हा शिक्का म्हणूनच मला पटत नाही. हे आजच्या कसबी माणसांचं पोटापाण्याचं काम आहे, आणि त्याला भावही तसाच मिळायला हवा.

हवेने साथ दिली तर उद्या पांगनिर्टंग. तिथे दगडाऐवजी विणकाम पाहायचं आहे.

(क्रमशः)