रेडिओचा व्हॉल्व्ह बदलायचाय? आधी अक्षरं वाचा



संगणकाच्या पिढ्या शिकवताना ‘पहिल्या पिढीत काय वापरत?’ असं विचारा, अख्खा वर्ग एका सुरात ‘निर्वात नळ्या’ म्हणतो. पण ती नळी प्रत्यक्ष पाहिलेलं मूल क्वचितच सापडतं. गंमत म्हणजे काही घरांत माळ्यावर किंवा गावच्या फडताळात लाकडी खोक्याचा रेडिओ अजून असतो आणि त्यात अशा चार-पाच नळ्या असतातच. फक्त तिथे त्यांना कुणी निर्वात नळी म्हणत नाही. व्हॉल्व्ह म्हणतात.

हे नाव मुलांना समजावणं सोपं आहे. सायकलचा व्हॉल्व्ह हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. फ्लेमिंग यांनी १९०४ साली केलेल्या नळीतून वीजही एकाच दिशेने जात होती, म्हणून इंग्लंडमध्ये ‘व्हॉल्व्ह’ नाव पडलं. अमेरिकेत तिलाच ट्यूब म्हणतात. सायकलमध्ये ट्यूबला व्हॉल्व्ह असतो आणि रेडिओत ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह, हे सांगितलं की वर्ग हसतो, पण विसरत नाही.

आता मुद्द्यावर येते. रेडिओ बंद पडला, मेकॅनिक म्हणाला ‘व्हॉल्व्ह गेला’, तर नवा कुठला आणायचा? बरेच जण आधी कंपनी विचारतात. मलार्ड चांगला की टेलिफुंकन, आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा चालेल का, वगैरे. माझ्या मते हा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न काचेवर छापलेल्या अक्षरांचा.

ईसीएल८२ हा नंबर घ्या. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर हीटरबद्दल सांगतं. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात. ‘सी’ म्हणजे छोटा ट्रायोड, ‘एल’ म्हणजे स्पीकर वाजवणारा मोठा पेंटोड. दोन्ही एकाच काचेत. ‘८’ म्हणजे नऊ पिनांचं बूड. याचेच दोन भाऊ आहेत, पीसीएल८२ आणि यूसीएल८२. तिघांचं आतलं काम सारखं, पिना सारख्या, दिसायलाही सारखेच. पण पीसीएलचा हीटर १६ व्होल्टचा आणि यूसीएलचा ५० व्होल्टचा. एका अक्षराचा फरक, आणि तिन्ही एकाच सॉकेटमध्ये आरामात बसतात. घोटाळा होतो तो इथेच.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने घरचा प्रश्न वर्गात आणला. आजोबांना डोळ्यांनी नीट दिसत नाही, दिवसभर रेडिओच त्यांच्या सोबतीला. तो एक दिवस संपूर्ण अंधारला, आत एकही व्हॉल्व्ह पेटेना. मेकॅनिकने यूसीएल८२ गेलाय म्हणून सांगितलं. वडिलांनी दुकानातून पीसीएल८२ आणला. दुकानदार म्हणाला, “एकच आहे हो, बसतो.” बसला खरा. पण रेडिओ गप्पच. पोरीने मात्र एक गोष्ट टिपली होती. ती म्हणाली, “बाई, बाकीचे व्हॉल्व्ह आधीपेक्षा जास्त लाल दिसतात, आणि नवाच थंड आहे.”

हे निरीक्षण लाखाचं आहे! ‘यू’ मालिकेच्या रेडिओत सगळे हीटर गणपतीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असतात. म्हणून एक गेला की सगळे विझतात. माळेतून सुमारे १०० मिलिॲम्पिअर प्रवाह जातो. पीसीएलला हवेत ३००. तो तापणार कसा? आणि त्याच्या जागी जे ५० व्होल्ट खर्च व्हायचे ते उरतात, त्यांचा भार बाकीच्यांवर पडतो. तसाच चालू ठेवला असता तर चांगले व्हॉल्व्हही गेले असते. एकसर जोडणी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

पण मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटली. बोलता बोलता ती म्हणाली की रेडिओचं एक बटण कधीच हरवलंय, आजोबा नुसती लोखंडी दांडीच फिरवतात. पालकहो, हे नीट वाचा. ‘यू’ मालिकेच्या रेडिओत बहुधा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. आतली लोखंडी चॅसी थेट घरातल्या विजेच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चॅसीवर २३० व्होल्ट, आणि दांडी त्याच चॅसीला जोडलेली. मी त्याच दिवशी तिच्या वडिलांना फोन केला. प्लग काढून ठेवा, बटण बसल्याशिवाय आणि मागचं झाकण लागल्याशिवाय रेडिओ लावू नका, आणि मेकॅनिककडून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घ्या. व्हॉल्व्हचं नंतर बघू.

‘ई’ मालिकेत ट्रान्सफॉर्मर असल्याने हा धोका कमी, पण आत २००-२५० व्होल्ट असतातच, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ राहतात. मुलांनी बघावं, नंबर वाचावा, वहीत उतरवावा. आत हात घालायचा तो मोठ्यांनी, तोही माहीतगाराने.

नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी मेकॅनिकला एक आठवण करून द्या. स्पीकर वाजवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला मागून येणारा जुना कागदी कंडेन्सर बदला. तो झिरपायला लागला की ग्रिडवर नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्हमधून वाजवीपेक्षा जास्त प्रवाह वाहतो आणि आतली प्लेट निखाऱ्यासारखी लाल होते. कंडेन्सर काही रुपयांचा, व्हॉल्व्ह महाग. अनेकदा मेलेला व्हॉल्व्ह गुन्हेगार नसतोच, बळी असतो.

‘बसतो’ म्हणजे ‘चालतो’ नव्हे, याची आणखी उदाहरणं देता येतील. ॲम्प्लिफायरमधले ईसीसी८३ आणि ईसीसी८२ एकमेकांच्या जागी बसतात, हीटरही सारखेच. पण पहिल्याचा वर्धनांक १००, दुसऱ्याचा विसाच्याही आत. ईझेड८१ च्या जागी ईझेड८० बसवला तर १५० मिलिॲम्पिअरचं काम ९० वाल्याच्या गळ्यात पडतं.

घरी दोन स्पीकरचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर असेल आणि एका बाजूने खरखर येत असेल, तर लगेच खरेदीला धावू नका. बंद करून, थंड होऊ देऊन, डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे करा. एका वेळी एकच जोडी. खरखर व्हॉल्व्हबरोबर सरकली तर दोष व्हॉल्व्हचा. जागची हलली नाही तर दोष दुसरीकडे. ‘एका वेळी एकच घटक बदला’ हे आपण प्रयोगवहीत लिहून घेतो, ते असं कानांनी ऐकलं की पक्कं बसतं.

आजोबांचा यूसीएल८२ शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, दीड महिन्याने. जुना माल घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो बेरियमचा असतो, उरलीसुरली हवा शोषायला. डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, व्हॉल्व्ह कामातून गेला, फुकट दिला तरी घेऊ नका. पिना सरळ आहेत ना, तेही पाहा.

आणि हो, काच पुसायला ओला फडका वापरू नका. छापलेला नंबर चटकन पुसला जातो. आधी नंबर कागदावर लिहून, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या सॉकेटमध्ये ते चित्र काढून, खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्या मुलीने चिकटवलाय, ‘यू’ला लाल खडूने गोल करून.